बागकामाचं कोटेशन काढताना: सामान आणि मजुरीचा हिशेब पायरी पायरीने

बागकामाची कामं नव्याने घेऊ लागलेल्या बहुतेकांना झाडांची जाण असते, हातही चांगला असतो. गाडी अडते ती कोटेशनपाशी. नर्सरीत दर विचारायचे, मजुरांचे रोज अंदाजाने धरायचे, वर थोडं चढवायचं आणि ठोक आकडा सांगून टाकायचा, असं चालतं. मग काम संपता संपता पदरमोड होते. यात दर बहुधा बरोबर असतात. हिशेबातून निसटतं ते परिमाण आणि वेळ: माती नेमकी किती लागणार, आणि ती फाटकापासून वाफ्यापर्यंत कोण, किती तासांत नेणार. म्हणून या दोन गोष्टींवर इथे जास्त भर दिला आहे.

दर जागेनुसार आणि हंगामानुसार बदलतात, त्यामुळे खाली पद्धत आहे, रकमा तुमच्या तुम्ही घालायच्या. मजुरी मोजायला ‘रोज’ हे एकक धरलं आहे, म्हणजे एका माणसाचा एक दिवस.

सोबत काय हवं

- 30 मीटरची मोठी टेप आणि 5 मीटरची छोटी टेप
- आखणीसाठी सुतळी, खुंट्या आणि फक्की
- चढउतार पाहायला पारदर्शक लेव्हल पाईप
- जमीन तपासायला पहार
- 10 लिटरची बादली (पाण्याचा वेग मोजायला, घड्याळ फोनमध्ये असतंच)
- चौकटीची वही. फोनवर फोटो घ्या, पण मापं वहीतच लिहा.
- पुरवठादारांचे लेखी दर, तारखेसह
- आधीच्या कामांच्या हजेरीच्या नोंदी, असतील तर

दोन आकडे पाठ असू द्या: 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, आणि 1 घनफूट म्हणजे सुमारे 28.3 लिटर. खत पिशवीत लिटरवर मिळतं आणि माती गाडीत ब्रासवर, त्यामुळे या दोन्हींत सतत ये-जा करावी लागते.

1. जागा पाहिल्याशिवाय आकडा सांगू नका

फोनवरून दर सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. ‘हजार स्क्वेअर फूट लॉन आहे, किती होतील?’ असं कुणी विचारलं की जागा बघायची वेळ ठरवा. अंदाजे म्हणून सांगितलेला आकडाही समोरच्याच्या डोक्यात पक्का बसतो आणि पुढची सगळी घासाघीस त्याच्यावरून होते.

जागेवर गेल्यावर झाडांआधी वाट बघा. मातीची गाडी कुठपर्यंत येते? फाटकातून हातगाडी जाईल का? मध्ये पायऱ्या आहेत का? माल कुठे उतरवता येईल, आणि तो रस्त्यावर किती वेळ राहिला तर चालेल? मग फाटकापासून कामाच्या जागेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. मजुरीच्या हिशेबात सगळ्यात जास्त उलथापालथ हाच आकडा करतो.

नंतर चार-पाच ठिकाणी पहार मारा, दीड फूट तरी खाली जाऊ द्या. बांधकाम झालेल्या जागेत वर चार बोटं माती आणि खाली विटांचे तुकडे, वाळलेला सिमेंटचा गिलावा, खडी असा प्रकार नेहमी निघतो. पहार जिथे खणकन वाजेल ती जागा नकाशावर फुलीने दाखवा. पाण्याचे पाईप, वायर, चेंबर कुठून जातात ते मालकाला विचारा आणि त्यांचं उत्तर लिहून ठेवा.

शेवटी नळ पूर्ण उघडून बादली भरा. 10 लिटर भरायला 60 सेकंद लागले तर ताशी 600 लिटर पाणी मिळतं. ठिबक बसवायचं असेल तर या आकड्याशिवाय पुढे जाता येत नाही.

2. परिमाण काढा

लॉन किंवा वाफा म्हटलं की लोक लांबी गुणिले रुंदी करून थांबतात. माती, खत, आच्छादन यांना जाडीही असते. 40 × 25 फुटांच्या लॉनखाली 4 इंच नवी माती टाकायची आहे असं धरू. 4 इंच म्हणजे एक तृतीयांश फूट, म्हणून 1,000 भागिले 3, म्हणजे 333 घनफूट.

तुम्ही 333 घनफूट मागवलीत तर कमी पडेल, कारण गाडीतून आलेली मोकळी माती पाणी मारल्यावर आणि दाबल्यावर बसते. किती बसेल हे मातीवर आणि त्यातल्या खताच्या प्रमाणावर ठरतं. 20 टक्के धरून चालू. इथे एक गणिती चूक हमखास होते. 333 ला 20 टक्के जोडून 400 काढले जातात. पण आलेल्या मातीतून 20 टक्के कमी होणार असेल, तर 333 ला 0.8 ने भागावं लागतं. उत्तर येतं 416, म्हणजे सुमारे सव्वाचार ब्रास. हीच चूक पुढे नफ्याच्या हिशेबात पुन्हा भेटेल, तिथे ती जास्त महाग पडते.

खोदून बाहेर काढायच्या मातीचं उलट असतं, ती फुगते. याच लॉनवरचं जुनं गवत आणि वरची 2 इंच माती काढायची असेल तर जागेवर ती 167 घनफूट असते, पण खणून मोकळी झाली की 25 टक्के फुगून 208 च्या आसपास जाते. म्हणजे दोन ब्रास राडा उचलून न्यायचा आहे. जुनं काढून टाकायचं म्हणून कोटेशनमध्ये एक ओळ लिहिली जाते, आणि गाडीभाडं मात्र राहून जातं.

लॉनच्या गाद्या किंवा तुकडे मागवताना सरळ कडा असतील तर 5 टक्के आणि वळणदार कडा असतील तर 10 टक्के जादा धरा. कापलेले तुकडे दुसरीकडे क्वचितच बसतात.

झाडांची संख्या अंतरावर ठरते, आणि तीन इंचांचा फरकसुद्धा बिल कुठल्या कुठे नेतो. 100 चौरस फुटांच्या वाफ्यात 12 इंचांवर रोपं लावली तर 100 लागतात. तेच अंतर 9 इंच केलं तर 178. तिरक्या, म्हणजे त्रिकोणी मांडणीत त्याच अंतराला चौकोनी मांडणीपेक्षा सुमारे 15 टक्के जास्त रोपं बसतात. ग्राहकाला पहिल्या दिवसापासून भरगच्च बाग हवी आहे की वर्षभरात भरली तरी चालेल, हे आधी विचारा आणि ठरलेलं अंतर कोटेशनमध्ये लिहा.

हेजचा, म्हणजे झुडपांच्या कुंपणाचा, हिशेब करताना शेवटचं रोप विसरू नका. 40 फूट लांबीला एक फुटावर एक म्हणजे 41 रोपं. दोन ओळी तिरप्या लावायच्या तर 41 आणि 40 मिळून 81. मर धरून 85 मागवा. यासाठी दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर खणला तर 90 घनफूट माती निघते. भरताना त्यात एक तृतीयांश शेणखत किंवा कंपोस्ट घालायचं तर 30 घनफूट, म्हणजे सुमारे 850 लिटर लागेल. 40 लिटरच्या पिशव्या मिळत असतील तर 22 पिशव्या. आणि जेवढं खत आत गेलं जवळपास तेवढी माती उरते. ती बागेत कुठे पसरायची की बाहेर न्यायची हे तेव्हाच ठरवा.

ठिबकमध्ये ड्रिपरची (थेंब सोडणाऱ्या तोट्यांची) संख्या गुणिले ड्रिपरचा ताशी प्रवाह करा. 81 रोपांना ताशी 4 लिटरचा एकेक ड्रिपर म्हणजे 324 लिटर. नळ 600 देतोय, तर एका वेळी भागेल. नळ 250 च देत असेल तर दोन भाग करावे लागतील आणि एक व्हॉल्व्ह वाढेल. फिल्टर, ग्रोमेट, जॉइनर, एंडकॅप ही बारीकसारीक मंडळी यादीत आलीच पाहिजेत. एकेकाची किंमत किरकोळ, पण एक एंडकॅप आणायला अर्धा दिवस जातो.

3. सामानाचे दर घ्या

प्रत्येक वस्तूचा दर किमान दोघांकडून आणि लेखी घ्या. विचारताना चार गोष्टी स्पष्ट करा: दर जागेवर पोच आहे की तिथून उचलण्याचा, उतराई कोण करणार, कर धरून आहे की वेगळा, आणि तो किती दिवस लागू राहील.

रोपांचा दर नुसत्या नावावर घेऊ नका. एकाच जातीचं रोप छोट्या पिशवीत एक फुटाचं असतं आणि मोठ्या पिशवीत चार फुटांचं, आणि दोन्हींच्या दरात काही पट फरक पडतो. उंची, पिशवीचा आकार आणि संख्या तिन्ही लिहा. ग्राहकाला देताना त्याच शब्दांत लिहा, म्हणजे दुसऱ्याचं स्वस्त कोटेशन हातात घेऊन ते आले तर रोपं सारखी आहेत का हे लगेच तपासता येतं.

माती, वाळू, खडी गाडीच्या मापाने येते. तुम्हाला सव्वाचार ब्रास हवी आणि गाडी तीन ब्रासची असेल, तर दुसरी अर्धी गाडी पूर्ण भाड्याने आणावी लागेल. मग त्याच गाडीत दुसरं काय येईल ते बघा, नाहीतर दोन्ही खेपांचं भाडं सरळ हिशेबात धरा.

सामानावर वर काही टक्के लावण्याचा नव्या लोकांना संकोच वाटतो. वाटू देऊ नका. रोपं निवडणं, वाहतुकीत सांभाळणं, मोडलेली आणि मेलेली बदलून देणं, माल उधार मिळत नसेल तर पैसे अडकवणं, हे सगळं तुम्ही करता. त्याचा मोबदला कुठेतरी यायलाच हवा. रोपं बदलून देण्याची हमी देणार असाल तर टक्का जास्त ठेवा, हमी नसेल तर कमी.

4. मजुरी: काम तोडून मोजा

‘तीन माणसं चार दिवस’ असा एकदम अंदाज करू नका. काम तोडा: आखणी, जुनं काढणं, खोदाई, राडा बाहेर नेणं, माती आत आणणं, मिसळणं, सपाटी, लावणी, ठिबक, पाणी, आवराआवर. प्रत्येकापुढे किती रोज लागतील ते लिहा, आणि माळ्याचे रोज व बिगाऱ्याचे रोज वेगळ्या रकान्यात ठेवा. दोघांचे दर वेगळे असतात. बिगाऱ्याचं काम माळ्याकडून करून घेतलं की तोटा आणि उलट केलं की झाडं जातात.

सुरुवातीला स्वतःच्या नोंदी नसतील तर खोदाईसाठी हे प्रमाण वापरा: साध्या जमिनीत एक माणूस हाताने दिवसाला 2 ते 3 घनमीटर खणतो. कडक मुरमात त्याच्या निम्मं, कधी त्याहून कमी. झाडांसाठी 2 × 2 × 2 फुटांचे 10 खड्डे म्हणजे सव्वादोन घनमीटर, तेव्हा एक रोज निव्वळ खणण्याचा. हेजचा मघाचा 90 घनफुटांचा चर अडीच घनमीटरचा, तोही साधारण एक रोज.

आता ने-आण. लॉनच्या उदाहरणात 416 घनफूट माती आत जायची आहे, 208 घनफूट राडा बाहेर. मिळून 624 घनफूट, म्हणजे 17,660 लिटर. हातगाडीत एका खेपेला 70 लिटर धरले तर 252 खेपा. फाटक कामाच्या जागेपासून 50 मीटरवर आहे असं धरू. भरायला 3 मिनिटं, जाऊन यायला 2, रिकामी करायला 1, अशी एक खेप 6 मिनिटांची. एकूण 1,512 मिनिटं, म्हणजे सव्वापंचवीस तास. दिवसाचे कामाचे निव्वळ तास साडेसहा धरले तर चार रोज लागले, आणि अजून एकही गवताची काडी लावलेली नाही. अंतर 100 मीटर असतं तर खेप 8 मिनिटांची झाली असती आणि चारचे सव्वापाच रोज झाले असते. वाटेत पायऱ्या असतील आणि घमेल्यानेच वाहायचं असेल तर या हिशेबाला हातच लावू नका: घमेल्यात किती लिटर बसतात आणि एका खेपेला किती मिनिटं लागतात ते करून बघा आणि नव्याने मांडा.

साडेसहा तास का, आठ का नाहीत? हत्यारं काढणं-ठेवणं, विश्रांती, गाडीची वाट बघणं, मालकाचे प्रश्न यांत दीड तास सहज जातो. रोज मात्र पूर्ण द्यावा लागतो. त्यामुळे तासाचा खर्च काढताना रोजाला 8 ने नव्हे, 6.5 ने भागा. फरक 23 टक्क्यांचा पडतो, आणि उक्त्या कामात तो थेट तुमच्या खिशातून जातो.

हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी: लावणीनंतरचं भरपूर पहिलं पाणी, फरशी धुऊन देणं, उरलेल्या पिशव्या आणि कुंड्या परत नेणं, आठवड्याने येऊन कलती झाडं सरळ करणं. लॉन असेल तर पहिली कापणी कोण करणार तेही. आणि पाऊस. चिकणमातीची जमीन ओली असताना तुडवली तर ती घट्ट होऊन बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. अशा दिवशी थांबणंच योग्य, म्हणून मुदत सांगताना दोन-तीन दिवस हातचे राखा.

5. वरखर्च

गाडी, इंधन, हत्यारांची झीज, फोन, विमा, हिशेबनीस, काम न मिळालेल्या कोटेशनसाठी मारलेल्या फेऱ्या. हे कुठल्याच एका कामाचं नसतं, म्हणून कुठल्याच कामात धरलं जात नाही. सोपा उपाय असा: वर्षाचा असा सगळा खर्च जोडा आणि वर्षात तुम्ही प्रत्यक्ष किती रोज विकता त्याने भागा. तीन माणसांचा गट, प्रत्येकाचे वर्षाला 220 दिवस कामाचे, तर 660 रोज. वरखर्च 66,000 असेल, तर प्रत्येक रोजामागे 100 लावायचे. वर्षाचे 300 दिवस धरून भागू नका. पावसाचे, आजारपणाचे, जागा पाहण्याचे दिवस कुणी विकत घेत नाही.

6. नफा जोडा, पण भागाकाराने

समजा, सामान 400, भाडं आणि हमाली 60, मजुरी 300, वरखर्च 90. एकूण 850. विक्रीच्या 15 टक्के नफा हवा असेल तर 850 ला 0.85 ने भागा, 1,000 येतात. 850 वर 15 टक्के चढवले तर 977 च होतात, आणि नफा 13 टक्क्यांच्या आसपास येतो. मातीच्या वेळी केलेलीच ही चूक. मोठ्या कामात हा फरक एखाद्या माणसाच्या महिन्याच्या पगाराएवढा होऊ शकतो.

अनिश्चिततेसाठी सरसकट 10 टक्के सगळ्यावर टाकू नका. रोपांची संख्या पक्की आहे, तिथे गरज नाही. जिथे पहार वाजली तिथे, म्हणजे खोदाईच्या ओळीवर, जादा धरा. त्याहून चांगलं म्हणजे खोदाई साधी जमीन धरून द्या आणि खडक किंवा काँक्रीट लागल्यास प्रति घनफूट वेगळा दर आधीच लिहा.

7. कागदावर काय लिहायचं

आतला हिशेब तुमचा, तो ग्राहकाला द्यायचा नाही. ग्राहकाच्या कागदावर कामाचे भाग, प्रत्येकाचं परिमाण आणि रक्कम येते. एवढं मात्र असायलाच हवं:

- हे कोटेशन आहे की अंदाजपत्रक. कोटेशन म्हणजे बांधलेली रक्कम. अंदाजपत्रकात शेवटी मोजमापानुसार बिल होईल असं स्पष्ट लिहा.
- मुदत. पुरवठादाराने 15 दिवसांचा दर दिला असेल तर तुमचा 30 दिवसांचा असू शकत नाही.
- काय धरलेलं नाही: पाणी आणि वीज, राडा बाहेर नेणं (नसेल तर), मोठी झाडं तोडण्याची परवानगी, जमिनीखालचे अडथळे.
- पैशांचे टप्पे. पहिला हप्ता किमान सामानाचा खर्च भागवेल एवढा घ्या, शेवटचा छोटा ठेवा. शेवटचा मोठा राहिला की वसुलीला चकरा माराव्या लागतात.
- रोपांची हमी किती दिवसांची, आणि त्या काळात पाणी कोण घालणार. पाणी मालकाने घालायचं असेल तर पाण्याअभावी मेलेलं रोप हमीत येत नाही, हे वाक्य शब्दशः लिहा.
- वाढीव काम लेखी होकार आल्यावरच सुरू होईल. फोनवरचा मेसेजही चालेल, तोंडी बोली चालणार नाही.
- कर लागू असेल तर वेगळ्या ओळीत.

8. घासाघीस होते तेव्हा

ग्राहक म्हणतात, ‘दहा टक्के कमी करा.’ वरच्या उदाहरणात 1,000 चे 900 झाले तर खर्च 850 च राहतो आणि नफा 150 वरून 50 वर येतो. दहा टक्के सूट म्हणजे नफ्याचे दोन तृतीयांश गेले. म्हणून दर कमी करण्याऐवजी काम कमी करायची तयारी ठेवा: रोपं छोट्या पिशवीतली घेऊ, अंतर 9 चं 12 इंच करू, ठिबक पुढच्या टप्प्यात करू, जुनं गवत मालकाने काढून ठेवावं. प्रत्येक पर्यायाने किती रक्कम कमी होते हे आधीच काढून नेलंत तर बोलणं लवकर संपतं आणि कुणाचंच मन दुखावत नाही.

माती आणि खताच्या जाडीत मात्र कपात मान्य करू नका. 4 इंचांचे 2 इंच केले तर कागदावर छान बचत दिसते, पण खालची जमीन कडक असेल तर मुळं वरच्या थरातच अडकतात, उन्हाळ्यात लॉन पिवळं पडतं आणि नाव तुमचंच जातं.

9. काम झाल्यावर त्याच कागदावर खरे आकडे लिहा

प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने ठेवा: धरलेले रोज आणि लागलेले रोज. हजेरी रोजच्या रोज, कामाच्या नावासह भरा. ‘3 माणसं’ एवढंच न लिहिता ‘2 माती वाहणं, 1 आखणी’ असं लिहा. माती किती आली, किती उरली, रोपं किती मेली तेही नोंदवा. पाच-सहा कामांच्या नोंदी जमल्या की वर दिलेली खोदाईची आणि खेपांची प्रमाणं बाजूला ठेवा आणि तुमच्या माणसांची, तुमच्या जमिनीची प्रमाणं वापरायला लागा.